घरातल्या घरात वनवास

ज्या घरात दहावीचे मूल असते ते घर ओळखण्यासाठी दारावर पाटी लावावी लागत नाही. तेथील दूरचित्रवाणीचा संच वर्षभर मुका असतो. पाहुण्यांना 'यंदा नको, पुढल्या मे महिन्यात या' असे आधीच कळविलेले असते. लग्ना-मुंजीची आमंत्रणे आईवडिलांपैकी कोणीतरी एकट्याने जाऊन उरकून येतो आणि शेजारीण वाटीभर साखर मागावयास आली तरी उंबऱ्यावरच उभी राहून हलक्या आवाजात बोलते. घरात एखादा दीर्घ दुखणेकरी असावा तशी सारी वागणूक. फरक एवढाच, की दुखणेकऱ्याला 'किती टक्के बरा होणार?' असे कोणी रोज विचारीत नाही. दहावीच्या मुलाला हा टक्क्यांचा प्रश्न मामा विचारतो, दुकानदार विचारतो, देवळातले भटजी विचारतात आणि वर्षातून एकदा चतुर्थीला भेटणारे दूरचे आप्तही विचारतात.

गोव्यात हे वर्ष आता जूनची वाट पाहत नाही. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच भरू लागले. त्यामागचा हिशेब शिक्षण खात्याने मांडलेला आहे आणि त्याविरुद्ध काही पालकांनी न्यायालयाची पायरीही चढून पाहिली. तो वाद आज आम्ही उकरून काढू इच्छीत नाही. परीक्षेचे नियम, पाठ्यक्रम, गुणपद्धती यांवर आपल्याकडे चर्चेचा सुकाळ आहे. परंतु ज्याने ती परीक्षा द्यावयाची त्या पंधरा-सोळा वर्षांच्या जिवाचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, याचा विचार करण्यास कोणाला सवड नसते. आज तो विचार करावा असे आम्हास वाटते.

फोंडा, म्हापसा अथवा डिचोली यांच्या आसपासच्या कोणत्याही गावातला एक साधा दिवस घ्या. पहाटे पाच-साडेपाचला मुलाला उठविले जाते. पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजण्यापूर्वी त्याची एक उजळणी झालेली असते. सात-सव्वासातला बालरथ किंवा कदंबची बस. आमच्याकडील बहुतेक हायस्कुले सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. परंतु दहावीला सुटण्याची घंटा लागू नसते, तिला जादा तास असतात. घरी येऊन हुमण-शिताचे चार घास पोटात ढकलले, की तीन-साडेतीनला गणिताची शिकवणी. तेथून परस्पर विज्ञानाची. आठवड्यातून दोन दिवस इंग्रजीची. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागतो तेव्हा घरातली सर्व माणसे असतात, दहावीचा विद्यार्थी नसतो. रात्री जेवण झाल्यावर शाळेचा गृहपाठ वेगळा, शिकवणीचा वेगळा. अकरा-साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकते ती पुन्हा पाच वाजता उचलण्यासाठी.

हा हिशेब कोणीही आपल्या घरी बसून मांडून पाहावा. वर्ग, जादा तास, शिकवण्या, प्रवास आणि गृहपाठ मिळून बारा-तेरा तास सहज भरतात, आणि रविवारीही त्यात फारशी कपात होत नाही. आपल्या देशात १९४८ पासून कारखान्यातील प्रौढ कामगाराच्या आठवड्यावर ४८ तासांची कायदेशीर मर्यादा आहे. ती मर्यादा मिळविण्यासाठी कामगारांना संघटित व्हावे लागले, झगडावे लागले. दहावीच्या मुलांची संघटना नाही आणि असली तरी तिच्या सभेला येण्यास त्यांना वेळ नाही.

या दिवसात जे भरले गेले आहे ते सर्वांना दिसते. त्यातून जे वगळले गेले आहे त्याकडे कोणी पाहत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातील कर्त्या पुरुषाबरोबर डोंगर चढून माटोळीसाठी कवंडळे, कांगले, आंबाडे गोळा करून आणणे हे काम आमच्या घरांतून याच वयाच्या मुलाकडे येत असे. कोणते फळ कोणत्या वेलीवर, कोणती वेल कोणत्या उतारावर, कशाला हात लावावयाचा आणि कशाला नाही, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे त्या एका दिवसात जात असे. आरतीला घुमट आणि शामेळ यांवर हात बसावा लागतो तोही याच वयात; त्यानंतर तो बसणे कठीण. मुलींच्या फुगड्यांचेही तेच. फाल्गुनातले शिगम्याचे दिवस तर नेमके परीक्षेच्या तोंडावर किंवा ऐन परीक्षेत येतात. मांडावर ढोल वाजू लागला, की ज्याचे पाय आपोआप उठावयाचे त्याला त्या रात्री खिडकी लावून घ्यावयास सांगितले जाते. एप्रिल म्हणजे काजूच्या बोंडूंचा, आंब्यांचा, जत्रांचा आणि आजोळचा महिना. दहावीच्या विद्यार्थ्याने तो शिकवणीच्या बाकावर बसून घालवावा असे आता ठरूनच गेले आहे. आणि वर्ग एप्रिलमध्ये भरण्यापूर्वीही शिकवणीवाल्यांच्या 'सुट्टीतील तुकड्यां'नी ते ठरवून टाकलेच होते.

यावर प्रत्येक घरात एकच उत्तर तयार असते: 'एकच वर्ष तर आहे!' या उत्तरात मायेचा ओलावा आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते खरे नाही. दहावीनंतर अकरावी येते तीच मुळी बारावीची पूर्वतयारी म्हणून. बारावीबरोबर नीट आणि जेईई येतात. त्यानंतर पदवी, पदवीनंतर नोकरीच्या परीक्षा. सवलतीचे हे एक वर्ष पुढल्या प्रत्येक वर्षाला आपला वारसा देऊन जाते, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी घरच्या कामातून, सणातून, गावातून ज्याला रजा देण्यात आली तो पंचविसाव्या वर्षीही रजेवरच असतो. मग आपणच म्हणू लागतो, की आजच्या तरुणाला शेत माहीत नाही, देवळाचे काम नको, पंचायतीत रस नाही, आजीच्या आजारपणात तो कामाला येत नाही. त्याला हे सारे कधी शिकवावयाचे होते? ज्या वयात ते शिकावयाचे त्या वयात आपण त्याच्या खोलीचे दार बाहेरून ओढून घेतले होते.

आमच्या जुन्या नीतिकारांनी सोळाव्या वर्षी मुलाला मित्राचे स्थान दिले. लाड करण्याचे वय सरले, शिक्षा करण्याचेही सरले, आता त्याच्याशी बरोबरीने बोलावे, घरच्या गोष्टीत त्याचे मत घ्यावे, असा त्याचा अर्थ. नेमक्या त्याच वर्षी आपण मुलाला काय स्थान देतो? त्याचे ताट वाढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो, त्याची बादली भरून देतो, घरात आर्थिक ओढाताण असली तर त्याला कळू देत नाही आणि त्याच्या पुढल्या आयुष्याचा निर्णयही त्याच्या पाठीमागे घेतो. मित्राला असे कोणी वागवीत नाही. पाच वर्षांच्या मुलाला असे वागवितात, किंवा दुखणेकऱ्याला.

हे भय आले कोठून, हेही पाहिले पाहिजे. ते निराधार नाही. त्याला इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शिक्षणाचा सोपान पोर्तुगीज भाषेतून चढावा लागे. पणजीचे लिसेव १८५४ मध्ये निघाले, परंतु खेड्यापाड्यांतील हिंदू मुलांपैकी फार थोड्यांना त्याचे दार दिसले. मराठी शाळा चालल्या त्या लोकांच्या पदरच्या पैशावर. पणजीत मुष्टिफंड या संस्थेच्या नावातच तो इतिहास गोठलेला आहे: घरोघरच्या गृहिणींनी रोजच्या तांदळातून मूठभर बाजूला काढावे आणि त्यावर शाळा चालावी. त्यापुढे मॅट्रिक व्हावयाचे तर बेळगाव, धारवाड अथवा मुंबई गाठावी लागे. परक्या गावी, नातेवाइकांच्या ओटीवर राहून जे मॅट्रिक झाले त्यांचे घर वर आले. जे झाले नाहीत ते कुळागरात किंवा बोटीवर गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. शालान्त परीक्षेसाठी पुण्याच्या मंडळाकडे पाहण्याचे दिवसही १९७५ च्या कायद्याने संपले आणि गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ उभे राहिले. शाळेपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नसुद्धा विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन सोडविला. १९७८-७९ मध्ये बसभाड्यातील सवलतीसाठी त्यांनी केलेले आंदोलन पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९८० मध्ये कदंब महामंडळ आले.

ज्या समाजाने एका प्रमाणपत्रासाठी इतके सोसले त्याच्या मनात त्या प्रमाणपत्राचा धाक दोन-तीन पिढ्या राहावा यात नवल नाही. आजोबांना मॅट्रिकने तारले, म्हणून नातवाने दहावीला घाबरावे, अशी ही परंपरा आहे. परंतु ते दार आता तसे राहिलेले नाही. गोव्याच्या मंडळाचा दहावीचा निकाल गेली काही वर्षे शेकडा ९० च्या वर लागतो. ज्या परीक्षेत शंभरातील नव्वदांहून अधिक मुले उत्तीर्ण होतात तिचे भय उत्तीर्ण होण्याचे नसते. ते असते पंच्याऐंशी आणि नव्वद यांच्यामधल्या पाच टक्क्यांचे, चुलत भावापेक्षा कमी पडण्याचे, गावच्या तिठ्यावर लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकावर आपल्या मुलाचे छायाचित्र नसण्याचे. मुलाच्या झोपेचे तीन तास या पाच टक्क्यांसाठी खर्ची पडतात.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती दहावीत उत्पन्न होत नाही. आमची असंख्य मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात. पाचवीच्या पहिल्या दिवशी गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे सारे विषय त्यांच्यासमोर इंग्रजीचा वेष घालून उभे राहतात. हा ओढा पार करण्यासाठी कोणी साकव बांधलेला नाही; मुलाने उडी मारावयाची असते. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे ती पलीकडे पोचतात. उरलेली अर्थ न कळता पाठ करू लागतात, आणि पाठांतरावर सहावी, सातवी, आठवी निभते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करू नये असे ठरविले; हेतू उदात्त होता, परंतु ज्याला पुढे ढकलले त्याला काय येत नाही ते शोधून शिकविण्याची जी जबाबदारी त्या हेतूबरोबर येते ती पुष्कळ ठिकाणी कोणी उचलली नाही. २०१९ मध्ये त्या तरतुदीत बदल झाला खरा; तरीही पाचवीत चुकलेली पायरी शोधण्याचे काम व्हावयाचे ते दहावीतच होते. मग काही शाळा नववीतच चाळण लावतात, म्हणजे दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो. आणि दहावीत पोचलेल्याला पाच वर्षांचे साचलेले देणे एका वर्षात फेडावे लागते. शिकवण्यांचा सगळा बाजार या थकबाकीवर उभा आहे.

या बाजाराविषयीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. शाळेतील शिक्षकाने खाजगी शिकवणी घेऊ नये असे शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमात लिहिलेले आहे. हे कलम कितपत पाळले जाते हे गावातील कोणताही पालक सांगू शकेल. प्रामाणिकपणे, स्वतःची प्रकृती खर्चून शाळेनंतर मुलांना मोफत शिकविणारे शिक्षक आमच्या गोव्यात आहेत, त्यांना आमचे वंदन आहे. परंतु जे वर्गात अर्धे सांगून उरलेले अर्धे संध्याकाळी विकतात त्यांना कोणत्या नावाने संबोधावे, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे. पालकांनाही आमचे एक विचारणे आहे. मुलाला तीन शिकवण्या लावल्यावर, त्यातील एकीने तरी त्याला नेमके काय येऊ लागले, हे आपण कधी वही उघडून पाहिले काय? की शेजाऱ्याच्या मुलाला तीन आहेत म्हणून आपल्यालाही तीन?

मोबाईलच्या नावाने आज घरोघर खडे फुटतात. 'अभ्यास नको, मोबाईल हवा' हे गाऱ्हाणे दहावीच्या प्रत्येक आईच्या तोंडी आहे. त्यात तथ्य आहे आणि त्या यंत्राची बाजू घेण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु ज्याचा खेळ बंद, ज्याची मित्रमंडळी बंद, ज्याचा शिगमो बंद, त्याच्या हाती जगाकडे उघडणारी दुसरी कोणती खिडकी आपण ठेवली आहे? आणि ते यंत्र त्याच्या हाती दिले कोणी? २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा आपणच दिले. सांगे, सत्तरी, काणकोणच्या मुलांनी लहरी मिळविण्यासाठी डोंगरमाथ्यावर पावसात उभे राहून धडे घेतले, त्याचे कौतुक आपणच केले. आता ते यंत्र हिसकावून घेऊन भागणार नाही. मैदानावरचा एक तास परत दिला, तर मोबाईलचे दोन तास आपोआप गळतील असे आमचे मत आहे.

येथवर आम्ही बोललो ते ज्यांना सवलत मिळते त्या मुलांविषयी. गोव्यात दहावीत बसणारी दुसरी मुलेही आहेत आणि त्यांना कसलीच सवलत नाही. किनाऱ्यावरील मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते. १ ऑगस्टला होड्या पाण्यात गेल्या, की बाप समुद्रावर, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात आणि धाकट्या भावंडांचे करून शाळेत धावत येणारी मुलगी दहावीची. ज्या घरात मुलाच्या टेबलावर दुधाचा पेला येतो त्याच घरात, मूल मुलगी असेल तर, पुष्कळदा तो पेला तिने आधी भावाला द्यावयाचा असतो. वास्को-झुवारीनगरच्या वस्त्यांतून कर्नाटकातील मजुरांची मुले आहेत. घरी कन्नड, रस्त्यावर कोकणी-हिंदी, पुस्तकात इंग्रजी, आणि अभ्यासाला जागा म्हणून एकाच खोलीतील जेवणाची पाटे उचलल्यावर उरलेला कोपरा. एका मुलाला सर्व कामांतून मुक्त करावयाचे आणि दुसऱ्याला कशातूनच नाही, आणि मे महिन्यात दोघांचे गुण एकाच तराजूत तोलावयाचे. यात स्पर्धा कसली? पहिल्याकडे थोडे काम यावे आणि दुसऱ्याचे थोडे काम कमी व्हावे, एवढी साधी समता आपल्याला साधता येणार नाही काय?

आता अपयशाविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्येच्या कारणांची जी कोष्टके असतात त्यांत 'परीक्षेतील अपयश' असे एक स्वतंत्र शीर्षक असते. कर्ज, आजार यांच्या रांगेत शालेय परीक्षेला एक ओळ द्यावी लागावी, ही गोष्ट कोणत्याही समाजाने मान खाली घालून वाचावी अशी आहे. पुरवणी परीक्षेची सोय आहे. एखादा विषय राहिला तर वर्ष वाया जाण्याचे कारण उरलेले नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पणजी, मये आणि कुडचडे येथे तंत्रनिकेतने आहेत. कला शाखेतून पुढे गेलेल्यांनी न्यायालये, विद्यापीठे आणि शासनाची खाती भूषविली आहेत. हे सर्व मुलाला कोणी आणि कधी सांगावयाचे? निकालाच्या दिवशी रडत बसलेल्या मुलाला सांगून उपयोग नाही. वर्षाच्या आरंभीच, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्याला जवळ बसवून सांगितले पाहिजे, की तुझे गुण कितीही आले तरी या घरातले तुझे पान कोणी उचलणार नाही. ज्या मुलाला हे वाक्य ऐकावयास मिळाले आहे त्याचा अभ्यास अधिक चांगला होतो, असा अनुभवी शिक्षकांचा निर्वाळा आहे. ज्यांना घरी असे बोलता येत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

आमचे म्हणणे अभ्यासाविरुद्ध आहे असा अर्थ कोणी काढू नये. अभ्यास हा या वयाचा धर्म आहे आणि तो कष्टाचाच असतो. गणित बसून सोडवावे लागते, निबंध लिहूनच लिहिता येतो, त्याला पर्याय नाही. परंतु चार तासांचा सावध अभ्यास आणि चौदा तासांचे बाकावर बसणे यांतील फरक पालकांनी ओळखावा. पुरेशी झोप न झालेल्या डोळ्यांपुढून पान उलटते, डोक्यात काही जात नाही, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञ नको.

मग करावे काय? घराने तीन गोष्टी कराव्यात. दहावीच्या मुलाकडे घरातले एक काम नेमून द्यावे आणि ते वर्षभर त्याच्याकडेच राहू द्यावे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावणे असो, परसातल्या झाडांना पाणी घालणे असो अथवा आजीला औषध देणे असो. काम लहान असले तरी चालेल, पण ते त्याच्यावाचून अडले पाहिजे. रात्रीची झोप आणि संध्याकाळचा एक तास खेळ यांना शिकवणीने हात लावता कामा नये. आणि चतुर्थीचे दिवस त्याचे त्याला द्यावेत. या काही दिवसांनी कोणाचे गुण गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्याच्या पुढल्या शिक्षणाविषयी बोलताना त्याला समोर बसवून, त्याचे ऐकून बोलावे.

शाळांनी रविवार आणि सणाचे दिवस जादा तासांपासून मोकळे ठेवावेत, आणि ज्या मुलाचे पाचवीपासूनचे इंग्रजी कच्चे आहे त्याला दहावीत रगडण्याऐवजी पाचवी-सहावीतच हाताला धरून शिकवावे. चौथी-पाचवीच्या मधला तो साकव बांधणे हे शिक्षण खात्याचे काम आहे, आणि शैक्षणिक वर्ष कोणत्या महिन्यात सुरू करावयाचे यापेक्षा ते कितीतरी अधिक निकडीचे आहे. शिकवणीविषयीचे कलम पुस्तकात आहे. ते अमलात आणण्यास नव्या कायद्याची गरज नाही.

गावाकडेही आमचे एक मागणे आहे. आमच्या देवस्थानांना अग्रशाळा आहेत. उत्सवाचे दिवस सोडले तर त्यांतील पुष्कळ खोल्या वर्षभर रिकाम्या असतात. महाजनांनी त्यांतील एक खोली, दिवा, पंखा आणि चार टेबले एवढ्या सोयीनिशी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात गावातील कोणत्याही घरच्या, कोणत्याही भाषेच्या दहावीच्या मुलांना उघडी करून द्यावी. गावातला एखादा निवृत्त शिक्षक तेथे येऊन बसण्यास आनंदाने तयार होईल. ज्याच्या घरी कोपरा नाही त्याला जागा मिळेल, ज्याच्या घरी एकान्त आहे त्याला सोबत मिळेल. मूठभर तांदूळ काढून ज्यांनी शाळा चालविल्या त्यांच्या नातवंडांना एक खोली काढणे जड जाऊ नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजू नये असा त्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. देवाच्या नावाने असो वा पुढाऱ्याच्या वाढदिवसाने असो, तो परीक्षेच्या महिन्यात तरी सर्वांनी पाळावा आणि पोलिसांनी पाळावयास लावावा. मुलाला मांडावर येऊ द्यावे आणि घरी गेल्यावर त्याला झोपू द्यावे; या दोन्ही गोष्टी एकाच गावाला जमण्यासारख्या आहेत.

या वर्षी गोव्यातील हजारो घरांतून पंधरा-सोळा वर्षांची मुले आपल्या आयुष्याची पहिली जाहीर परीक्षा देणार आहेत. त्यांच्याकडून गुणांची अपेक्षा करण्याचा अधिकार पालकांना आहे. परंतु ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी घरात केवळ एक गुणपत्रिका येऊ नये. वर्षभर घरच्या सुखदुःखात वाटेकरी राहिलेला, दोन माणसांत बसून बोलू शकणारा आणि अपयश आले तर ते पचवू शकणारा एक तरुण त्या गुणपत्रिकेबरोबर आला पाहिजे. तो घडविण्यास वेगळी शिकवणी नाही. त्याला घरात घ्यावे लागते, आणि ते आजपासूनच करता येण्यासारखे आहे.